सुई संपली, आता पुढं काय?

‘सुटले बाई एकदाची त्या सुईतनं!’ साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत साठी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य हल्ली बरेचदा ऐकू येतं. मणका दबलेला असतो, खुबा मोडलेला असतो आणि हाडं पार ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी टेरिपॅराटाइडची इंजेक्शनं लिहून दिलेली असतात. रोज एक सुई, पोटावर नाहीतर मांडीवर. असं दीड-दोन वर्षं चालतं. औषधाचं पेन फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवायचं. लाइट गेली की जिवाला घोर. भाचीच्या लग्नाला जायचं तर आधी बर्फाच्या पिशवीची तजवीज. आणि दर महिन्याला काही हजारांचा खर्च, तो वेगळाच. एवढं निस्तरल्यावर शेवटचं पेन रिकामं झालं, की बाईला हायसं वाटणारच.

पण मैत्रिणींनो, खरी काळजी घ्यायची ती याच वेळी. आपल्याकडे नेमकी इथंच गफलत होते. औषध सुरू करताना सगळं घर डॉक्टरांसमोर बसलेलं असतं. ते संपताना मात्र कुणीच नसतं. आणि दोन वर्षं खर्च करून, सुया टोचून घेऊन जे मिळवलं, ते पुढच्या वर्षभरात हळूहळू हातातून निसटायला लागतं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही.

असं का होतं, ते समजून घेऊ. आपलं हाड म्हणजे काही दगड नव्हे. त्यात जुनं हाड पोखरून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवं हाड घालणाऱ्या पेशीही असतात. पाळी गेल्यावर पोखरणाऱ्यांचा जोर वाढतो, बांधणाऱ्या मागं पडतात. टेरिपॅराटाइड हे बांधणाऱ्या पेशींना कामाला लावणारं औषध. ते २००२ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि आता आपल्याकडे भारतीय कंपन्यांचंही मिळतं. पण औषध थांबलं की बांधकामही थांबतं. पोखरणाऱ्या पेशींना मात्र सुट्टी नसते. भिंत बांधली आणि गिलावा न करता पावसाळ्याला उघडी टाकली, तर जे होईल तेच इथं होतं.

हे नुसतं सांगोवांगी नाही. याच कुळातल्या संप्रेरकाची इंजेक्शनं वर्षभर घेतलेल्या बायकांवरचा एक अभ्यास २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. त्यात ज्यांना पुढचं वर्ष अलेंड्रोनेटच्या गोळ्या दिल्या, त्यांची कमाई टिकली, वाढलीसुद्धा. ज्यांना नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या, त्यांच्या हाडांची घनता घसरली. म्हणजे दुसरं औषध ही काही चैन नव्हे. पहिल्या औषधाचाच तो पुढचा भाग आहे.

काही जणी विचारतात, ‘मग तीच सुई चालू ठेवली तर?’ प्रश्न रास्त आहे. उंदरांना मोठ्या मात्रेत हे औषध दिल्यावर हाडांचा कर्करोग दिसला होता, म्हणून पूर्वी त्यावर ठळक इशारा असे. माणसांत तसं आढळलं नाही, म्हणून २०२० साली अमेरिकेत तो इशारा काढून टाकला. तरीही काळ जाईल तसा या औषधाचा जोर ओसरतो, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी थांबवायचं हीच रीत आहे. त्यापुढं जायचं का, हे क्वचित एखादीच्या बाबतीत डॉक्टर ठरवतात.

आता पुढच्या वाटा पाहू. पहिली, आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटसारखी गोळी. ही सगळ्यांत स्वस्त, चार गोळ्या महिनाभर पुरतात. पण तिचा नेम कडक आहे. सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. अन्ननलिकेचा त्रास असणारीला किंवा तेवढा वेळ बसता न येणारीला ती चालत नाही.

दुसरी वाट म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं, किमान पंधरा मिनिटं लागतात. नंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते, तिला घाबरून जायचं नाही. पण त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर हे औषध देत नाहीत.

तिसरी वाट डेनोसुमॅबची. दर सहा महिन्यांनी कातडीखाली एक सुई. पोखरणाऱ्या पेशींना ते चांगलं आवरतं, घनताही चांगली वाढवतं. पण याची एक खोड आहे. मात्रा चुकली किंवा औषध मधेच सोडलं, तर दाबून ठेवलेल्या पेशी उसळी मारून उठतात. काही बायकांचे एकामागोमाग एक मणके दबल्याचं डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. म्हणून हे औषध कधीही आपल्या मनानं सोडायचं नाही. सोडायचं झालंच, तर त्याच्या जागी गोळी किंवा सलाइन घ्यावं लागतं. मूत्रपिंडाचा आजार फार वाढलेला असेल, तर यानं रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीवर उतरू शकतं, असा ठळक इशारा २०२४ सालापासून अमेरिकेत त्यावर आहे.

आणखी एक. औषधांचा क्रमही उलटासुलटा चालत नाही. आधी डेनोसुमॅब आणि मग टेरिपॅराटाइड असं केलेल्या बायकांच्या खुब्याची घनता काही काळ उतरल्याचं २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसलं. आधी बांधायचं आणि मग राखायचं, हा क्रम चांगला.

मग यातलं आपल्याला कुठलं? इथं माझं मत जरा रोखठोक आहे. औषध निवडताना नुसता रिपोर्ट बघून चालत नाही, बाईचं आयुष्यही बघावं लागतं. जिचा मुलगा पुण्यात, लेक सांगलीत आणि स्वतः ती कोरेगाव किंवा जत तालुक्यातल्या गावात एकटी, तिच्या हाती दर सहा महिन्यांचं वेळापत्रक देताना दहादा विचार करावा. कारण आपल्या घरात बाईचं औषध सगळ्यात शेवटी येतं. ऊस तोडणीला आला, नातवाची फी भरायची आहे, दिवाळी तोंडावर आली, की ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे ठरलेलं. गोळीच्या बाबतीत चार आठवडे चुकले तर एक वेळ सावरता येतं. डेनोसुमॅबला महिनाभरापेक्षा जास्त उशीर परवडत नाही. म्हणून तारीख पाळणारं कुणी हाताशी नसेल, तर वर्षाचं सलाइन आपल्याला जास्त सोयीचं का, असं डॉक्टरांना सरळ विचारावं. उलट मूत्रपिंडं कमजोर असतील आणि घरात तारीख सांभाळणारी सून किंवा लेक असेल, तर डेनोसुमॅब योग्यही ठरेल. निर्णय डॉक्टरांचाच, पण आपलं घर कसं चालतं हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

आपल्या भागात दोन गावांचा एक घोळही असतो. ऑपरेशन मिरजेला, कारण तिथं मोठे दवाखाने. वॉनलेस यांनी तिथं १८९४ साली रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून आपल्या आज्या-पणज्या मिरजेचीच वाट धरत आल्या. पण पुढचं दाखवणं साताऱ्यातल्या नाहीतर कराडच्या डॉक्टरांकडे. पहिल्यांना वाटतं दुसरे बघतील, दुसऱ्यांना वाटतं पहिल्यांनी ठरवलं असेल. मधल्या मधे बाई राहते. डेक्साची तपासणीही एकदा सांगलीला, एकदा साताऱ्याला. दोन निरनिराळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी नीट ताडता येत नाहीत. जमेल तितकं एकाच ठिकाणी, एकाच मशीनवर तपासा. आणि मंडळाच्या हॉलमध्ये टाच मशीनमध्ये ठेवून जी मोफत तपासणी होते, तिच्यावरून उपचाराचा गुण आला की नाही हे ठरवू नका. त्यासाठी खुब्याची आणि कमरेच्या मणक्यांची डेक्साच हवी.

शेवटच्या पेनाच्या दोन-तीन महिने आधीच डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना एक फाइल न्या. तिच्यात पहिला आणि ताजा डेक्सा, सुई कधी सुरू झाली ती तारीख, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि क्रिएटिनिनच्या तपासण्या करायच्या का ते विचारा, कारण ‘ड’ कमी असताना सलाइन किंवा डेनोसुमॅब घेतलं तर कॅल्शियम खाली येतं. दात काढायचा असेल तर तेही आधीच सांगा. या औषधांवर असताना दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा त्रास क्वचित होतो, म्हणून दातांची कामं आधी उरकलेली बरी. पुढचं औषध किती वर्षं घ्यायचं, थांबताना काय करायचं, हेही त्याच बैठकीत विचारा. आणि डॉक्टरांना घाई असली, तरी कागदावर लिहूनच घ्या.

घरात सल्ले देणारे कमी नसतात. कुणी म्हणतं कांडवेल घे, कुणी म्हणतं डिंकाचे लाडू खा, आता औषध बास. नाचणीची भाकरी, तीळ, दूध, ताक जरूर असावं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि पाळी गेलेल्या बाईला दिवसाला बाराशे लागतं, म्हणजे हिशोब जुळवायलाच हवा. पण एवढ्या ठिसूळ झालेल्या हाडांचं रक्षण नुसत्या भाकरीनं होत नाही. आहार औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. तसंच ओली मोरी, रात्रीचा अंधार, झिजलेली चप्पल, स्पीडब्रेकरवरून उडणाऱ्या गाडीवर मागं एका बाजूला बसणं, भरलेला हंडा उचलणं, यांच्याकडेही बघायला हवं. पडणं टळलं तर मोडणं टळतं.

खर्चाचंही बोलायला हवं. सरकारच्या जन आरोग्य योजनेचा भर दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे. खुबा मोडला की ऑपरेशनसाठी धावाधाव करता येते, पण तो मोडू नये म्हणून घरी घ्यायची गोळी मात्र बाईनं आपल्या पदराला खार लावून आणायची. हा न्याय उफराटा आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ही औषधं नियमित मिळावीत, असं महिला मंडळांनी, बचत गटांनी मागायला काय हरकत आहे? तोवर जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. आणि घरात हिशोब मांडताना लक्षात ठेवावं, की आठवड्याच्या गोळीचा खर्च मागच्या पेनांपुढं किरकोळ आहे. सलाइनचा खर्चही वर्षातून एकदाच येतो.

लेकी-सुनांना एकच सांगणं. आईचं शेवटचं पेन कधी संपतंय, ती तारीख आज बघा आणि तिच्या पुढच्या भेटीची तारीख कॅलेंडरवर लिहा. ती स्वतः म्हणेल, ‘राहू दे गं, आता बरी आहे मी.’ बरी आहे, म्हणूनच तर पुढचं औषध घ्यायचं.