फीची पावती आणि पोराची चिडचिड

दर वर्षी लातूरच्या ट्युशन एरियात आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत गावोगावची पोरं पेट्या-गाद्या घेऊन उतरतात. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला गेलेला 'लातूर पॅटर्न' आता डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी किती, एवढ्याच प्रश्नावर येऊन ठेपला आहे. पोरगं चिडू लागलं, सुट्टीत येऊनही घरच्यांशी बोलेनासं झालं, की दोष मोबाइलला जातो, नाहीतर संगतीला. त्याआधी फी भरणाऱ्याच्या जिवाची घालमेल पाहावी. ती पोरापर्यंत कशी पोचते, हे एका अभ्यासातून दिसतं. अमेरिकेतलं आयोवा हे आपल्यासारखंच सोयाबीनवाल्यांचं, शिवाय मकेवाल्यांचं राज्य. १९८०च्या दशकात तिथली शेती कर्जात बुडाली, तेव्हा रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या अभ्यासकांनी १९८९पासून सातवीत शिकणाऱ्या मुलांच्या ४५१ ग्रामीण कुटुंबांचा मागोवा घेतला. पैशाची तंगी मुलांपर्यंत पोचत होती ती मुख्यतः आईबापांमार्फत: आधी त्यांची उमेद खचे, मग नवरा-बायकोत खटके उडत आणि शेवटी मुलांशी बोलण्यात धार येई. तंगी असूनही जिथे माया आटली नव्हती, तिथली मुलं बरीच सावरली. आपल्याकडे ती धार रविवारच्या टेस्टनंतर फोनवर येते. 'किती पडले?' हा प्रश्न जेवलास का, याच्याही आधी विचारला जातो.

यावर हमखास ऐकू येतं, की कडक बापाचीच पोरं डॉक्टर होतात. निकालानंतर चौकाचौकात फ्लेक्स लागतात ते निवड झालेल्यांचे; त्याच धाकात मोडलेल्यांचा फ्लेक्स कोणी लावत नाही. शिवाय मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकातच शिस्तीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते. एकीत नियम पक्के असतात, पण त्यांचं कारण सांगितलं जातं आणि मुलाचं ऐकलंही जातं. दुसरीत फक्त हुकूम. नको आहे ती दुसरी. हट्टी पोरामुळेच आईबाप त्रासतात, हा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी दाखवलेलं चक्र तेच: एक ओरडतो, दुसरा उसळतो, आणि दोघांनाही त्याची सवय लागते. ते चक्र थांबवायला आधी मोठ्यानेच आवाज उतरवायला हवा.

पण २०२४-२५मध्ये सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारात त्याहून कमी भाव घेऊन परतलेल्या बापाला 'शांत राहा' सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून नुसत्या समुपदेशनावर माझा भरवसा नाही. केंद्र सरकारच्या शिकवणी वर्गांसाठीच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत एक रुक्ष कलम आहे: विद्यार्थ्याने शिकवणी मध्येच सोडली, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. हे कलम काटेकोर पाळलं गेलं, तर 'नको वाटतंय, घरी येऊ का?' असं पोरगं फोनवर म्हणेल तेव्हा बापाच्या डोळ्यांपुढे आधी फीची पावती येणार नाही.