विश्लेषण : मानसशास्त्राच्या संशोधनात कॉलेजचे विद्यार्थीच का? वटारमधल्या मनाचा पत्ता त्यातून लागतो का?

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सर्वेक्षणाचा फॉर्म भरा’ असा संदेश येणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना नवे नाही. ताण, झोप, मोबाइलचे व्यसन असे त्याचे विषय असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे चार वर्षांच्या पदवीत संशोधनालाही स्थान मिळाले आहे. त्यामुळे असे फॉर्म वाढण्याचीच चिन्हे आहेत. पण ही उत्तरे नेमकी कोणाचे मन दाखवतात?

विद्यार्थ्यांनाच का निवडले जाते?

ते हाताशी असतात, खर्च येत नाही आणि प्रश्नावली वाचून भरता येते. ही सवय जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी १९४६ मध्येच आक्षेप घेतला होता, की मानवी वर्तनाचे म्हणवले जाणारे शास्त्र बहुतांशी कॉलेजच्या मुलांच्या वर्तनाचे शास्त्र झाले आहे.

आकडे काय सांगतात?

जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये सहा आघाडीच्या अमेरिकी नियतकालिकांतील अभ्यास तपासले. ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. यापैकी एका नियतकालिकातील अमेरिकी अभ्यासांत ६७ टक्के नमुने मानसशास्त्र शिकणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांचे होते. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी या गटाला ‘वीअर्ड’ म्हटले : पाश्चात्त्य, शिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही देशांतले लोक.

त्याने फरक काय पडतो?

टोकांना बाण जोडले की सारख्याच लांबीच्या दोन रेषा लहान-मोठ्या भासतात. हा भ्रम सर्व माणसांना सारखाच होत असेल, असे वाटू शकते. पण १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो अमेरिकी विद्यार्थ्यांना सर्वाधिक झाला, तर कलहारीतील सान लोकांना जवळपास झालाच नाही. नुसत्या नजरेत इतका फरक पडत असेल, तर नाती, लाज, ताण यांविषयी विद्यार्थ्यांवरून निष्कर्ष काढताना अधिकच जपायला हवे.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न कसा दिसतो?

वटारच्या परिसरात वाड्या आहेत, कादोडी आणि वाडवळी बोलणारी घरे आहेत. काही किलोमीटरवर नालासोपाऱ्याच्या दाट चाळी, तर जिल्ह्याच्या पूर्वेला वारली पाडे. एका वर्गातल्या ६० मुलांनी इंग्रजी फॉर्म भरला, की कॉलेजपर्यंत न पोहोचलेली मुले, वाडीत राबणाऱ्या बाया आणि म्हातारी माणसे आपोआप वगळली जातात. अशा अभ्यासावर ‘पालघरचे युवक’ असे शीर्षक लावणे चुकीचेच. त्याच आधारावर समुपदेशनाची योजना आखली, तर ज्यांना गरज अधिक, तेच बाहेर राहतात.

विद्यार्थी नाही म्हणू शकतो का?

हो. मात्र गुण देणारे शिक्षकच फॉर्म पाठवतात तेव्हा नकार देणे अवघड जाते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, वरिष्ठांच्या दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटांत विद्यार्थ्यांचाही विचार केला आहे. सहभाग ऐच्छिक हवा आणि मध्येच बाहेर पडता यायला हवे. विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची संमतीही लागते. सहभागासाठी गुण द्यायचे झाल्यास तितकेच गुण मिळवून देणारे दुसरे काम उपलब्ध हवे, असा अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेचा नियम आहे.

मग मार्ग कोणता?

विद्यार्थ्यांवरचे संशोधन निरुपयोगी नसते. विषयच विद्यार्थ्यांचा असेल तर तेच योग्य सहभागी. इतर वेळी संशोधकाने कॉलेजबाहेर पडावे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी संशोधक तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांपर्यंत गेले. हातात पैसा नसताना, म्हणजे तोडणीआधी, त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी खालावलेली दिसली. वर्गात बसून हे कळले नसते.

फॉर्म भरण्याआधी विद्यार्थ्याने तीन प्रश्न जरूर विचारावेत : संशोधन कोण करते आहे, माझे नाव व माहिती कुठे राहणार, आणि मी नकार दिला तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीही नाही’ असेच असायला हवे.