तुरीचे संशोधन कोणी ठरवावे?

कडगंचीस आज केंद्रीय विद्यापीठ नांदत आहे. २००९ साली त्याची स्थापना झाली व त्याच सुमारास रायचूरचे कृषिविद्यापीठही स्वतंत्र झाले. विद्या आपल्याही दारी यावी, या मागासलेल्या प्रदेशाच्या मागणीचेच हे फळ होय. सीमेपलीकडे मराठवाड्यानेही ही मागणी लावून धरून १९७२ साली परभणीस कृषिविद्यापीठ मिळविले. प्रदेशाची आकांक्षा संशोधनाचा कारभार घडविते, ती अशी. परंतु विद्यापीठ दारी आले म्हणून तेथे कोणत्या प्रश्नाचा अभ्यास व्हावा, हे ठरविण्याचा अधिकार आपोआप दारी येत नाही.

आमच्या नित्य व्यवहारातील तुरीचेच पाहू. मर रोगास दाद न देणारी ‘मारुती’ ही जात १९८६ साली कर्नाटकासाठी प्रसृत झाली. तिचे मूळ वाण बदनापूरच्या संशोधन केंद्राचे, निवड पटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतील, आणि ती फळली आमच्या काळ्या रानात. ही तिन्ही ठिकाणे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. आज ती तीन राज्यांत आहेत. बियाण्यास सीमा ठाऊक नाही, दप्तरास मात्र पक्की ठाऊक असते! मारुतीस वांझ रोग बाधे, म्हणून पुढे बदनापूरने बीएसएमआर-७३६ दिली. कलबुर्गीच्या केंद्राने टीएस-३आर दिली. तरीही २०२२ च्या खरिपात कलबुर्गी जिल्ह्यातील पुष्कळ तूर मर रोगाने उभी वाळली व सरकारास भरपाई जाहीर करावी लागली.

युरोपीय संघाने २०१४ पासून असा दंडक घातला की, संशोधनासाठी संघाचा विकासनिधी हवा असेल, तर प्रदेशाने आपले बलस्थान प्रथम ठरवावे आणि ते ठरविताना विद्वानांबरोबर उद्योजकांसही बसवावे. आमचे बलस्थान शोधावयास नको. गुलबर्गा तूरडाळीस २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु पुढील वाण कसे असावे, हे आम्हांस कोणी विचारल्याचे स्मरत नाही. शास्त्रज्ञ एकरी उत्पन्न पाहतात, ते योग्यच. आम्ही मात्र गिरणीत क्विंटलमागे डाळ किती उतरली व चुरा किती गेला, यावर भाव बांधतो, आणि शेतकऱ्याच्या पदरात पडतो तो हाच भाव.

कोणी म्हणेल, व्यापारी स्वतःचाच लाभ पाहील. शंका रास्त आहे. म्हणूनच सल्लागार समितीत शेतकऱ्यांची संख्या आमच्याहून अधिक असावी, आणि आम्ही खुर्ची मागताना थैलीही सोडावी. कलबुर्गी, बिदर, लातूर व सोलापूर येथील भुसार व्यापारी आणि गिरणीवाले यांनी मिळून निधी उभारावा. अट एकच, कलबुर्गी व बदनापूर या दोन्ही केंद्रांनी मर रोगाच्या चाचण्या सीमेच्या दोन्ही अंगांस एकत्र घ्याव्यात. आरंभ २०२२ साली जेथे तूर वाळली त्या रानांपासून व्हावा.