टिटवी आणि सव्वाशेपट कॅमेरा

गतवर्षी चैत्रात लोधीखेड्याच्या एका संत्र्याच्या बागेलगत, दगडगोट्यांत टिटवीची चार अंडी आमच्या दृष्टीस पडली. वर्गातील काही मुले बरोबर होती. मोबाईलवर चित्र घ्यावयाचे, म्हणून आम्ही हातभर अंतरावर गेलो. टिटवी डोक्यावर आकांत करीत राहिली. पोटाची पिसे भिजवून अंडी गार राखणारा हा पक्षी; तो उठला, अंडी उन्हात उघडी पडली. चित्र उत्तम आले. दुसऱ्या दिवशी तेथे काही नव्हते. दोष आमचाच, असे आम्ही मानतो.

तेव्हापासून शाळेने एक ‘ब्रिज’ कॅमेरा घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. खिशातला कॅमेरा आणि भिंगे बदलता येणारा मोठा कॅमेरा यांमधला हा प्रकार. याचे भिंग अंगचेच, पण पल्ला फार लांब. २०१८ साली आलेल्या निकॉन कूलपिक्स पी १००० चा पल्ला २४ ते ३००० मिलिमीटर, म्हणजे १२५ पट. हा आकडा ऐकून मुले हरखतात. पण ३००० हे माप ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने सांगितलेले; भिंगाचे प्रत्यक्ष नाभीय अंतर ५३९ मिलिमीटरच. सेन्सर तुरीच्या दाण्याएवढा असल्याने तो दृश्याचा मधला इवलासा भागच टिपतो, आणि ५३९ चे ३००० होतात! या लहानपणाची किंमतही मोजावी लागते. पूर्ण पल्ल्यावर प्रकाश कमी येतो, सांजवेळी चित्र रवाळ होते, तिवई लागतेच. आणि आपल्याकडच्या दुपारी तापलेली हवाच थरथरते. तिला कोणते भिंग काय करणार? सकाळी लवकर निघावे, हेच खरे.

मोबाईललाही झूम आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ठरावीक पटींपुढे तो चित्राचा तुकडा कापून मोठा करतो. त्यात नवा तपशील येत नाही.

आमच्या मते सव्वाशे पटींचा हट्टही नको. पी १००० चे वजन सुमारे १.४ किलो, मुलांच्या हाताला जड. कॅननचा एसएक्स ७० एचएस ६५ पटींचा, वजन सुमारे ६०० ग्रॅम. घरट्यापासून दूर राहण्यास तेवढा पुरे. आम्ही दर्याकाठचे, दूरचे गलबत नुसत्या नजरेने ओळखण्यात वाढलेलो, तरी टिटवीच्या अंड्यांपुढे ही नजर थिटी पडते.

यंदा फाल्गुनातच टिटवी त्या रानात पुन्हा बसली आहे. मुले बांधावर, पन्नास पावलांवर थांबतात आणि एक उसनी दुर्बीण पाळीपाळीने डोळ्यांस लावतात.