चालतंय की!

मित्रांनो, मेकॅनिकलच्या पोराने टायरवर लेख लिहिलाय म्हटल्यावर तुम्ही पान उलटणार, हे मला ठाऊक आहे. पण घरी चारचाकी असेल तर दोन मिनिटं थांबा.

कोल्हापुरात कुठल्याही प्रश्नाला एक हुकमी उत्तर असतं. मेसची आमटी पातळ झालीय? चालतंय की. सबमिशन उद्यावर आलंय? चालतंय की. आमच्या घरच्या गाडीचे टायरही असेच चालले होते. दर दिवाळीला मी म्हणायचो, "आप्पा, टायर बघा की जरा." आप्पा चपलेच्या टोकाने टायर ढोसायचे आणि म्हणायचे, "अजून लई जीव हाय त्यात." विषय संपला.

गेल्या पावसाळ्यात घरचे सगळे गगनबावड्याला निघालो होतो. पाऊस नुसता झोडपत होता. एका वळणावर अचानक म्हैस आडवी आली. आप्पांनी ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. ती घसरत, आडवी होत रस्त्याकडेच्या चिखलात रुतली. पुढे दहा फुटांवर ओढा भरून वाहत होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आत्या जोतिबाचं नाव घेत होती आणि आप्पा स्टिअरिंग धरून गप्प बसले होते.

पुढच्या रविवारी लॅबमधला व्हर्नियर (सरांना विचारूनच, बरं का!) घरी नेला. फर्स्ट इयरला याच व्हर्नियरने लोखंडी जॉब मोजून जर्नलवर सह्या घेतल्या होत्या. त्याच्या शेपटातून बाहेर येणारी बारीक पट्टी खोली मोजायला असते, हे व्हायवापुरतं पाठ होतं. ती पट्टी पहिल्यांदाच खऱ्या कामाला आली. पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या खाचेची खोली भरली १.१ मिमी! नव्या टायरला साधारण ८ मिमी असते आणि कायद्याने कारला किमान १.६ मिमी लागते. बाहेरची नक्षी मात्र ठीक दिसत होती. अलाइनमेंट बिघडल्याने फक्त आतली कड झिजली होती. उभ्याने ढोसून ती दिसणार कशी?

गंमत अशी की सुक्या रस्त्यावर गोटा टायर लगेच दगा देत नाही. रेसच्या गाड्या तर सुक्यात बिननक्षीचेच टायर लावतात. खाचा लागतात त्या पाणी बाहेर काढायला. त्या उथळ झाल्या की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी अडकतं आणि गाडी त्यावर तरंगते. मग ब्रेक कितीही चांगले असोत, उपयोग शून्य. म्हणून आठ महिने आप्पांचं बरोबर वाटत होतं, आणि जुलैत चुकलं.

टायरच्या कडेला चार आकडे सापडले : २३१७. म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. मी तेव्हा सातवीत होतो! लग्नकार्यापुरती बाहेर निघणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत राहते, पण रबर म्हातारं होतं, त्याला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांपलीकडे वापरूच नये, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात.

समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. अपघात वाढल्यावर २०२३ मध्ये तिथे आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली, खराब टायरच्या गाड्या परत पाठवल्या. चांगलंच झालं. पण गगनबावड्याच्या वाटेवर कोण उभं राहणार? माझं स्पष्ट मत आहे की हे काम घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींचं आहे. आपल्याला मोजता येतं आणि आपण मोजत नाही, मग ती डिग्री काय भिंतीला टांगायची?

आणि एक सांगतो. आप्पा कंजूष नाहीत. चार टायरचा खर्च आणि माझी हॉस्टेल-मेसची फी नेमकी एकाच वेळी अंगावर येते. कुठला खर्च दरवर्षी मागे पडत होता, हे मला त्या दिवशी कळलं. विचारलं तर म्हणाले, "तुझं शिक्षण थांबवून टायर घ्यायचं व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी चारही टायर बदलले, आणि मी नव्या मोबाईलचा विषय काढला नाही.

तेव्हा मे महिन्यात घरी गेलात की गाडीजवळ खाली बसा. पुढची चाकं पूर्ण वळवून आतली कड बघा. व्हर्नियर नसला तरी खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहतेय, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. कडेला फुगवटा दिसला तर वाट बघूच नका. एकदम चार झेपत नसतील तर दोन घ्या, पण नवे मागे लावा, कारण मागची चाकं घसरली की गाडी गर्रकन फिरते.

आणि घरून "चालतंय की" ऐकू आलं, तर भांडू नका. हातात पट्टी घ्या आणि आकडा दाखवा.