स्वस्त गोळीचा कैवारी कोण?

औषधांच्या बाजारात ‘नवे ते श्रेष्ठ आणि महाग ते गुणकारी’ हा समज रूढ करण्यात कोणाचे हितसंबंध गुंतलेले असतात, हे पाहण्यासाठी आमवाताच्या उपचारांचे उदाहरण उद्बोधक आहे.

डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्या या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. स्त्रियांना तो अधिक होतो आणि पुष्कळदा बोटांपासूनच सुरू होतो. गुडगावच्या उद्योग विहारात नगावर शिवणकाम करणाऱ्या स्त्रीची रोजीच त्यामुळे धोक्यात येते.

या उपचारांचा पाया म्हणजे मेथोट्रेक्सेट ही जुनी, स्वस्त गोळी. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली १९४० च्या दशकात अमेरिकेत फॉलिक आम्लाच्या विरोधी द्रव्यांवर झालेल्या संशोधनातून ती निघाली. जिवंत पेशींत बनवली जाणारी जैविक औषधे त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने आली. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी टीएनएफ या दाहकारक द्रव्याला रोखणारे इंजेक्शन आमवाताच्या रुग्णांना दिले, आणि त्यांच्याच प्रयोगांत दिसून आले की मेथोट्रेक्सेटची जोड असली म्हणजे त्याचा गुण अधिक टिकतो. शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. ही गोळी त्यांना आवर घालते. नवे औषध जुन्याच्या खांद्यावर उभे आहे. जाहिरातीत मात्र खांदा दिसत नाही.

परंतु मेथोट्रेक्सेट एकटे पुरे पडले नाही, तर पुढची जोड कोणती? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील एका चाचणीत अशा ३५३ रुग्णांपैकी काहींना इटानरसेप्ट हे जैविक औषध जोडून दिले, तर काहींना सल्फासालाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या जुन्या गोळ्या. सहा महिन्यांत गुण न आलेल्यांचा उपचार बदलला. ४८ आठवड्यांनंतर जुन्या गोळ्यांपासून सुरुवात केलेले रुग्ण मागे पडलेले नव्हते. ही चाचणी मुख्यतः सरकारी पैशावर झाली, हे ध्यानात घ्यावे. पेटंट संपलेल्या गोळीची बाजू मांडण्यासाठी कोणती कंपनी खर्च करील?

म्हणून जैविक औषधे श्रीमंतांसाठी सोडून द्यावीत, असे कोणी समजू नये. जुन्या गोळ्या थकल्यावर काहींना ती लागतातच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अ‍ॅडालिम्युमॅबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. मात्र ही औषधे सुप्त क्षयाला जागे करू शकतात, तेव्हा आपल्या देशात क्षयाच्या तपासणीखेरीज ती देता कामा नयेत. तपासणी आणि पुरवठा, दोन्हींची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेचीच. पण ती यंत्रणा आहे कोठे? गुडगावलाच आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीचा कारखाना. १९६१ साली स्थापन झालेली ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. स्वस्त औषध बनवणारी यंत्रणा मोडायची आणि महाग औषधासाठी रुग्णाला मदतनिधीचे अर्ज भरायला लावायचे, याला आरोग्यधोरण म्हणणे ही थट्टा आहे.

अनुवादक म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. गरोदरपणात ते घ्यायचेच नसते. हा इशारा वेष्टनावर असतो तो बहुधा इंग्रजीत. हिंदी, बंगाली वा मराठी बोलणाऱ्या कामगार स्त्रीच्या हाती ते पाकीट देताना तिच्या भाषेत गोळीचा वार लिहून देणे, एवढे तरी कोणत्याही दवाखान्याला आजपासून करता येईल.