दुष्काळातील सवलती आणि सातबाऱ्याबाहेरचा शेतकरी

ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने दीर्घकाळ दडी मारल्याने महाराष्ट्रात अनेक ठिकाणी खरिपाची पिके करपली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करून जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन आणि कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत दिली. या सवलती स्वागतार्ह होत्या. तथापि त्यांचा लाभ प्रामुख्याने सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांनाच होतो. तोंडी कराराने जमीन कसणारा बटाईदार आणि भूमिहीन शेतमजूर यांच्या नावे ना जमीन, ना पीककर्ज. त्यांच्यासाठी यादीत होती ती रोजगार हमीच्या निकषांतील शिथिलता. १९७२ च्या दुष्काळात अशाच कामांनी लक्षावधी कुटुंबांना तारले होते. म्हणूनच गावातच काम आणि वेळेवर मजुरी मिळणे, हीच दुष्काळी साहाय्याची खरी कसोटी होय.